अठ्ठेचाळीसच्या पुढे

रद्द करायच्या यादीत बावन्नावा क्रमांक:
कविता, इंग्रजी, अमेरिका, पानं चौसष्ट,
शिवण सुटलेली,
शेवटचं वाचन... चिठ्ठीवर शाई पसरलीय,
चौतीस साल असेल किंवा चोपन्न.
नवलकरसाहेब म्हणाले, शिक्का मारा आणि खाली पाठवा.
खाली म्हणजे ठाकुरद्वारच्या नाक्यावरचा रद्दीवाला,
वजन करताना काट्याकडे बघत नाही तो.

मी शिक्का उचलला. खळीत मोरचूद कालवून
बोटं निळी झालेली, तशीच.

कवीचं हे पहिलं पुस्तक.
पुढे तो मोठा झाला, जाडजूड समग्र निघालं,
ते आमच्याकडे आहे, काचेच्या कपाटात.
त्यात हे नाही.
प्रस्तावनेत एवढंच, की तेव्हा मी
दुसऱ्यांचे कोट घालून फिरत होतो.
खरंच आहे. सुरुवातीला चंद्र आहे, वीणा आहे,
आणि यमकं अशी उभी
जशी लग्नाच्या फोटोत माणसं.

पण समासात पेन्सिल आहे.
बारीक, उभी, मराठी.
रेवती अजिंक्य. खाली वाडीचं नाव, बायंडिंगमध्ये अर्धं कातरलेलं.
पान अकरा: हा रडत नाही, रडायची तयारी करतो.
पान एकोणीस: वीणेवर नुसती काट.
पान सव्वीसवर तो म्हणतो, रात्रभर बर्फ पडत होतं,
आणि तिने लिहिलंय,
बर्फ? हातगाडीवरचा, लाकडाच्या भुशातला?
मग ते खोडून, हिम.
मग तेही खोडून,
कॉटन ग्रीनहून येताना भाऊंच्या टोपीवर बसलेला कापूस.
खाली दोन रेघा,
स्वतःशीच पटल्यावर मारतात तशा.

त्या काळी पानं जोडलेलीच यायची.
वाचणाऱ्याने कापायची.
हिने केसांच्या आकड्याने फाडलीत,
कडा उंदराने कुरतडल्यासारख्या.

तिसऱ्या फर्म्यात यमकं सुटायला लागतात.
एक शिडी येते. घर नाही, झाड नाही,
नुसती शिडी, आणि तिच्या सावलीत बादली.
चंद्र कुठे गेला कोण जाणे.
पेन्सिलही गप्प. कितीतरी पानं गप्प.
मग अठ्ठेचाळीसच्या तळाशी, घाईत:
आकडा वाकला. उद्या सुरी आणते.

पुढचा फर्मा बंद.

उद्या काय झालं असेल?
पाहायला आले असतील कुणी. ताप. भाऊंची बदली.
किंवा काहीच नाही, दुसरं पुस्तक हाताला लागलं असेल.
मी जुनी वही काढून बघितली नाही.
वाळवीने खाल्ली, असं सांगता येईल.

साडेतीनचा चहा येऊन गार झाला.
माझ्याकडे सुरी आहे. हाडाची, कागदापुरती धार.
एकोणपन्नास. पन्नास.
आतला कागद अजून दुधासारखा,
बाहेरच्याचा तर विडीच्या पानाचा रंग झालाय.
इतकी वर्षं समुद्राची हवा
या सोळा पानांत शिरलीच नाही.

एकसष्टवर चारच ओळी होत्या.
शेजारी वारला.
त्याची शिडी परत करायची राहिली.
ती माझ्या भिंतीला टेकून नाही,
नुसती उभी आहे.

मी परत वाचलं.
मग बाजूचा समास बघितला,
रुंद, कोरा, कुणाचीतरी जागा धरून ठेवल्यासारखा.

अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या पेन्सिली खोडत आलेय.
रबर ड्रॉवरमध्ये आहे, ब्रेडचा गोळाही चालतो.
आज टोक काढलं,
आणि जमेल तेवढ्या बारीक, उभ्या अक्षरात लिहिलं,
रेवतीबाई, याने कोट काढला बरं का.

शिवण घातली. नवी चिठ्ठी डकवली.
शिक्क्याची तारीख फिरवून पंधरा दिवस पुढे नेली,
माझ्याच नावावर.
यादीत बावन्नवर काट.

साहेब, मोजून घ्या,
एक्कावन्नच आहेत.