एकास एकशेवीस

कोटबुसमधल्या आमच्या इमारतीच्या तळघरात, बॉयलरशेजारी,
दोन घोड्यांवर फळी टाकून
नऊ वर्षं मी लिप्नित्सा स्टेशन उभारतोय.
प्रमाण एकास एकशेवीस.
लोक राईचा पर्वत करतात, माझं काम उलटं.

आणि राई म्हणजे खरोखरच राई.
मोहरीचा दाणा हिरवा रंगवून वाफ्यात ठेवला
की कोबीचा गड्डा होतो.
खसखस ठेवून पाहिली, तिचं बीट झालं.
तारायंत्राच्या तारांसाठी स्वतःचा केस उपटला,
तोही जाड निघाला,
खांबाखांबांवर जणू गलबताचा दोर ताणलेला.
शेवटी तारा लावल्याच नाहीत.
चिनीमातीच्या वाट्यांचे पांढरे ठिपके तेवढे दिले.
बघणाऱ्याची नजर तारा आपणहून ओढून घेते.

अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला
तर स्टेशनमास्तर क्राव्त्सला रोज वाकून दारातून जावं लागेल,
आणि तो कधी कुणापुढे वाकला नव्हता.
रंगाचा एक हात जास्त बसला
की भिंतीवर बोटभर गिलावा चढतो.
शिवाय प्रत्येक रंगात थेंबभर पांढरा घालायचा.
लांबचं सगळं जरा फिकटच असतं.

मालडब्यातला कोळसा मात्र अस्सल.
स्टेशनच्या पोटातून निघालेला,
ज्याच्यासाठी चौऱ्याऐंशी साली गाव उचललं,
देऊळ पाडलं, कबरी मोजून दुसरीकडे नेल्या.
एक ढेकूळ मी तेव्हा खिशात घातलं होतं.
खलबत्त्यात कुटलं, व्होर्शाच्या जुन्या नायलॉनच्या मोज्यातून चाळलं.
तीन डबे भरले, चमचाभर उरला.

भांडण झालं ते नासपतीच्या झाडावरून.

फोटोत ते मालधक्क्याच्या दाराजवळ आहे.
दार दोन मीटरचं, हे मला पाठ आहे,
रंगवलंय मी ते, खऱ्या हातांनी.
कर्कटक लावलं: झाड अडीच दारं उंच.
पाच मीटर. म्हणजे बेचाळीस मिलिमीटर, केसभर कमी.
जुन्या वायरीतल्या तांब्याच्या काड्या पिळल्या,
फांद्या सोडवल्या, पाला चिकटवला.

"एवढंसं?" व्होर्शा म्हणाली.
"अरे, इंजिनाचा धूर त्याच्या शेंड्यात अडकायचा.
वरची नासपती सुटली
की खाली पडेपर्यंत मी दहा मोजायचे."
मी फोटो पुढे केला.
"फोटोला काय कळतंय," म्हणाली, आणि जिना चढून गेली.
दोन दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलली.

वीस मिलिमीटर वाढवले असते तर कुणाला कळणार होतं?
मला.
रात्री झोपेत ते झाड
छपरावर पाय देऊन उभं राहिलं असतं.

तिसऱ्या दिवशी शिशाच्या तुकड्यातून एक मुलगी कोरली.
सात वर्षांची, उंची बरोब्बर दहा मिलिमीटर,
आयुष्यात एवढं सरळ माप मला क्वचितच मिळालंय.
निळा झगा दिला. गुडघ्यावर खपली द्यायची होती,
पण तेवढा बारीक ब्रश अजून कुणी केलेला नाही.
झाडाखाली उभी केली आणि काही बोललो नाही.

व्होर्शा खाली आली ती धुतलेले कपडे घ्यायला.
टोपली ठेवली. चष्मा काढला.
मग सत्तराव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना,
फळीला गाल टेकवून बसली,
डोळा मुलीच्या डोळ्याच्या रेषेत,
जमिनीपासून नऊ मिलिमीटरवर.

वर बॉयलरचा पाइप होता, त्याच्याही वर काळोख,
आणि मधे ते झाड.

बराच वेळ ती बसून होती.
मी गाडीच्या कळीवरचा हात काढून घेतला.
एकदा तिचे ओठ हलले, मोजत असावी.
दहाला पोचली की नाही, विचारलं नाही.
तिच्या श्वासाने दोन पानं सुटून फलाटावर पडली.
चिमटा हाताशीच होता, पण उचलली नाहीत.
लिप्नित्सात ऑक्टोबर असेल.