पेशा: इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन

कार्डावर पेशा लिहिलाय, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन.
मिरजेत मावशीने शेजारणीला सांगून टाकलं,
पोरगं सोहारला सतारी दुरुस्त करतं.
मी खोडून काढलं नाही.
दाबाचे काटे, तापमानाचे काटे,
रिफायनरीत चार हजार काटे आहेत
आणि एकही गात नाही.

पहिली गिटार हायपरमार्केटातली. अठरा रियाल.
तांदळाच्या गोण्यांपलीकडे,
इस्त्र्या आणि लहान मुलांच्या सायकली यांच्यामधे टांगलेली,
पट्टा फुकट.
प्लायवूडची, वरून लाकडाचा फोटो चिकटवावा तशी.
तारा इतक्या उंच
की खालून मुंगी छत्री उघडून गेली असती.

तिला नावं ठेवणार नाही.
खोली एकशे चौदामध्ये
रोमेल नाइट करून झोपलेला असायचा,
मी तिच्या पोटात टॉवेल कोंबून शिकलो.
तिसऱ्या फ्रेटवर ती खरखरायची
आणि टॉवेलाबरोबर
माझ्या चुकाही पोटात घालायची.

गेल्या उन्हाळ्यात तिची मान वाकली.
बाहेर समुद्राची वाफ, आत एसीची कोरड.
माणसं टिकतात, प्लाय उकलतो.
बहुतेक माणसं.

मग शटडाऊन लागला. एकवीस दिवस, बारा-बारा तास.
ओव्हरटाइम निम्मा घरी, निम्मा उशीच्या अभ्र्यात.
शुक्रवारी बसने तीन तास, मस्कत,
रुवीच्या गल्लीत खमीसचं दुकान.
तो स्वतः ऊद वाजवतो, गिऱ्हाइकाकडे फारसं बघत नाही.
कलिंगड पारखावं तसं त्याने
एकीच्या छातीवर बोटाच्या पेराने ठोकलं. ऐक, म्हणाला.
मला माळ्यावरचे भोपळे आठवले,
तंबोऱ्यासाठी वर्ष वर्ष वाळत पडलेले,
आणि आमच्या गल्लीतले दस्तगीरमामू,
नखाने वाजवून भोपळा परत ठेवायचे:
अजून कच्चा आहे, आवाजात पाणी आहे.

हिच्यात पाणी नव्हतं.

दोनशे चाळीस रियाल. वर अखंड लाकूड, खालीही अखंड.
वाजवत राहिलास तर दहा वर्षांनी उघडेल, खमीस म्हणाला.
वॉरंटी आजीवन.
कुणाच्या जीवनाची? मी विचारलं.
तो हसला नाही. सही कर, म्हणाला.

माझा व्हिसा दोन वर्षांचा.
गादी कंपनीची, ताट कंपनीचं,
हेल्मेट तर जाताना सही करून परत द्यायचं.
परतीच्या बसमध्ये
तिला खिडकीची जागा दिली
आणि बरकापर्यंत कुणाशी बोललो नाही.

रात्री लावली, वाजवली.
अरे देवा. सगळं ऐकू आलं.
अर्धवट दाबलेलं मधलं बोट,
उशिरा पोचलेली करंगळी,
दोन वर्षं ज्याला मी माझा हात समजत होतो
ती नुसती खरखर होती.
रोमेल उठून बसला. जुनीच बरी होती, म्हणाला.

काट्याशी मी रोज हेच करतो.
खऱ्या दाबाला जोडतो,
किती खोटं बोलतोय ते वहीत लिहितो,
आणि स्क्रू फिरवतो.
माझा स्क्रू कुठे आहे ते अजून सापडलेलं नाही.

तिच्या पेटीत, साबणाच्या डबीला भोकं पाडून
ओला स्पंज ठेवलाय. दर शुक्रवारी भिजवतो.
निलाक्षी फोनवर विचारते, काय चाललंय?
पाणी घालतोय.
कशाला?
लाकडाला.
ती म्हणते, पालवी फुटली की फोटो पाठव.

जुनी आता मेसमध्ये आहे.
हरकबहादुर स्वयंपाकी, एक कॉर्ड येत नाही त्याला,
तारा काढून टाकल्या,
मांडीवर पालथी घेतो
आणि मादल वाजवावा तशी
तिची पाठ वाजवतो, कुकरच्या शिट्ट्या मोजत.
काय सांगू,
वाजते.