निधान

तवंदी घाटाच्या तिसऱ्या वळणावर
पाय खाली गेला तो गेलाच.
अंधारात जिना उतरताना
आहे म्हणून धरलेली पायरी
नसावी, तसा.

अठ्ठावन्न सालची डुक्कर फियाट. अण्णांची.
मागं बहिणीची दोन पोरं,
डिकीत गोकाकचा करदंट,
पुढं मळीचा टँकर, डुलत,
आणि कठड्याशी पिवळ्या फळीवर
कन्नडात एकच शब्द : निधान.

ओरडायचं सुचलं नाही.
स्टिअरिंगजवळचा दांडा ओढला,
तिसऱ्यातून दुसऱ्यात,
पहिल्यात जाताना तिनं कराकरा दात खाल्ले,
हँडब्रेकला लोंबकळले अक्षरशः,
आणि डाव्या अंगाला रस्तेवाल्यांची खडी होती
तिच्यात नाक खुपसून ती उभी राहिली.
नावाला जागली.
धाकटा म्हणाला, "मावशी, परत?"

अक्कोळ रोडला दस्तगीर नदाफ.
ड्रम सुटेना. रॉकेल, हातोडी,
पुन्हा रॉकेल, मग एक शिवी,
मग सुटला.
आत तेलाचं थारोळं,
आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं
शूपासून अख्खं लायनर
वेगळं होऊन पडलेलं.
"घासून गेलंय का?"
"घासलंय कुठं, बाई? जाडी बघा की.
हे उभं राहून गेलंय.
अकरा वरसं वखारीत ठेवलासा,
गोंदानं एकट्यानं किती धरायचं?"

आम्ही तर जपत होतो तिला.
तंबाखूच्या बोदांमागं, कापडाखाली,
दसऱ्याला झेंडू, पाडव्याला पुसणं,
कुणी हात लावला तर ओरडणं.

त्यांचा नातू मुबारक फोनवर शोधत होता :
पुण्याला नवा जोड मिळतो, चार दिवसांत घरपोच.
"फोनात काय बघूलालास? लोखंड बघ आधी."
त्यांनी शू चिंधीनं पुसून माझ्यापुढं धरला.
पाठीवर छिन्नीनं कोरलेलं अक्षर. कन्नड ए.
ए म्हणजे एड. डावी बाजू.
"तुमच्या अण्णांनी कोरलंय."

अण्णांनी?
सीमाभागाचा एक मोर्चा न चुकवणारे,
घरी आलेलं कन्नड पत्र
पोस्टमनला परत देणारे अण्णा?

"माझ्या वस्तादाला तेवढंच वाचता यायचं,"
दस्तगीर म्हणाले,
आणि ड्रिल मशीनची वायर शोधू लागले.

नवं लायनर, जुनाच शू.
पितळेचे रिव्हेट, एकेका शूला दहा,
मधून सुरुवात करून कडेला जायचं,
डोकं आत बुडलं पाहिजे,
वर राहिलं तर ड्रम खातं.
कडा कानशीनं उतरवल्या.
मी धूळ फुंकायला वाकले तर
हातानं मागं सारलं मला :
"ही छातीत बसते. माझ्या बसलीय."

मग चाक उचलून फिरवलं.
कान लावून, डोळे मिटून.
"जरासं लागलं पाहिजे. ऐका.
लांब राहिलं तर वेळेला येत नाही.
चिकटून राहिलं तर जळतं."
स्स्, स्स्, म्हणत चाक फिरत होतं,
तांदूळ पाखडल्यासारखं.
एक आटा सैल केला. पुन्हा ऐकलं.
अर्धा घट्ट.

संध्याकाळी एकटीच घाटावर गेले.
माथ्यावरून वळवली.
आमच्या भाषेत निधान म्हणजे ठेवा,
पुरलेला, कुणी हात न लावलेला.
त्या फळीवर त्याचा अर्थ फक्त
हळू.

तिसरं वळण. पाय टेकवला.
पेडल अर्ध्यात थांबलं, आणि खालून कुणीतरी
तळव्याला तळवा लावावा तसं
धरून राहिलं.

अजून डावीकडं ओढते थोडी.
शनिवारी घेऊन या म्हणालेत.