पांगाला

ऑर्डर आली तेव्हा मे महिना.
अक्कलकोट रोडच्या शेडवर पत्रा कडकडत होता.
आठ हजार टॉवेल, पांढरे, साडेपाचशे जीएसएम,
काठावर गावाचं नाव, खाली लाकडी धक्का, एक पक्षी.
सोबत हॉटेलवाल्यांचं रंगीत माहितीपत्रक,
डिझाईन कशावरून काढायचं ते कळावं म्हणून.

मी ग्राफवाला. समुद्र पाहिलेला नाही.
नववीत गणपतीपुळ्याची सहल ठरली होती,
तेव्हा मला गोवर निघाला.

पालांगा, लिथुआनिया.
नकाशात बाल्टिक समुद्र म्हणजे
वाळत घातलेली, एका बाजूने ओघळलेली लुंगी.
पाइनच्या झाडांतून पाण्याकडे जाणारी वाट,
सरदाराच्या महालात तृणमणीचं संग्रहालय:
झाडाचा डिंक, लाखो वर्षं निजून दगड झालेला,
आत एक डास, अजून पाय मुडपून.
घासला की गवताची काडी ओढतो म्हणे.
(आमच्याकडे कापसाची बुरी
न घासताच सगळ्यांना चिकटते.)

आणि तो धक्का.
समुद्रात अर्धा किलोमीटर आत गेलेला.
त्याला बोट लागत नाही, माल उतरत नाही.
लोक नुसते टोकापर्यंत जातात,
रात्री दहाला सूर्य बुडेपर्यंत थांबतात,
परत येतात.

"दहाला?" नऊ नंबरच्या मागावरचा राजेशम चिट्याल म्हणाला,
"म्हणजे सेकंड शिफ्ट उजेडातच सुटत असंल."

लोक उन्हासाठी पैसे मोजून येतात,
हेही मी त्याला वाचून दाखवलं.
त्यानं बनियन काढून पिळलं.
"सांग त्यांना, इकडं फुकट हाय."

पुढं छापलं होतं: या समुद्राला मीठ फार कमी.
राजेशमच्या बनियनवर मात्र, वाळल्यावर,
पाठीच्या मधोमध रोज उमटतो
एक पांढरा, वळणावळणाचा किनारा.

चूक माझी.
रात्री दोनला फाईल भरताना
मधली अक्षरं उलटी पडली.
सातशे नग निघून गेल्यावर
चेकिंगच्या सुगुणाबाईंनी मला बोलावलं.
त्यांना इंग्रजी येत नाही,
त्या नमुना शेजारी ठेवून चित्र जुळवतात.
"ह्या अक्षराचा पाय," त्या म्हणाल्या,
"कालपर्यंत तिकडं होता."

पालांगाचं पांगाला झालं होतं.

मालकानं शिव्या दिल्या नाहीत. कॅल्क्युलेटर काढला.
सातशे टॉवेल सेकंडच्या ढिगात,
मंगळवार बाजारात किलोवर,
आणि माझ्या पगारात तीन महिने ओहोटी.

तर आता असं आहे:
अशोक चौकातल्या सलूनमध्ये
गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती पांगाला.
बसच्या ड्रायव्हरच्या सीटवर पांगाला,
पक्षी बरोबर त्याच्या पाठीखाली दबलेला.
हिप्परग्याच्या तलावात पोरं उड्या मारतात,
काठावर चपलांखाली तेच गाव, चिखलानं माखलेलं.
विडी घरकुलात एका बाळंतिणीनं
कालच जन्मलेली मुलगी त्यात गुंडाळली.
मुलीला अजून नाव नाही,
गुंडाळलेल्या गावालाही तसं नाहीच.

बरोबर अक्षरांचे आठ हजार
कंटेनरमधून गेले. पोचले असतील.
तिकडे कुणी ओल्या केसांची बाई
तोंड पुसताना काठ वाचत नसेल.
कशाला वाचेल? तिला ठाऊक आहे ती कुठं आहे.

इथं मात्र बोळातल्या पोरानं मला अडवलं.
"काका, हे पांगाला कुठं आलं?"
मी म्हटलं, लांब.
"तुम्ही गेलाय?"
मी म्हटलं, मीच काढलंय.
त्याला ते पटलं नाही.

परवा सुगुणाबाईंकडे हप्त्याचे पैसे द्यायला गेलो,
त्या गच्चीवर होत्या.
दोरीवर अकरा टॉवेल वाळत,
अकरा धक्के, अकरा पक्षी, सगळ्यांची चोच एकीकडे,
वारा आला की लाट एकदमच उठायची.
मी दोरीच्या कडेकडेनं चालत
कठड्यापर्यंत, पार टोकाला गेलो.
गिरणीच्या जुन्या चिमणीमागं सूर्य बुडेपर्यंत थांबलो.
परत आलो.

सात वाजायला पाच कमी होते.