कानोसा

तुर्कू, फेब्रुवारी. आउरा नदी गोठलेली.
तळघरात हेल्लेवी रुओत्सालो पालथी झोपली आहे,
पोटाखाली पाण्याची गादी,
गादीखाली दोनशे छप्पन्न तोंडं,
ज्यांचा आवाज कुत्र्यालाही ऐकू येत नाही.

तिच्या मुठीत थांबवायचं बटण.
माझ्यापुढे पडदा. मध्ये जाड काच.

गाठ नव्या बटाट्याएवढी.
सगळे आवाज तिथे एकवटले की ती शिजेल,
वाटेतलं काही पोळणार नाही.
वाट मोकळी असेल तर,
हे पुस्तकात बारीक अक्षरांत.

म्हणून आधी कानोसा.
एकेका तोंडाने एक हलकी टिचकी,
आणि मग गप्प बसायचं.
खोलातून परतली तर ठीक.
लवकर परतली तर मध्ये कुणी उभं आहे:
आतड्याचं वेटोळं, हाडाची कड,
हवेचा एखादा चुकार बुडबुडा.

आज एकवीस लवकर परतल्या.

बुडबुडा असेल म्हणून जेल पुसलं, पुन्हा लावलं.
एकवीस.
तिला बोटभर सरकवलं.
एकवीसच, पण आता शेजारची.
म्हणजे जे काही आहे
ते तिच्यासोबत हलतंय.

माइकवर विचारलं, पोटाचं ऑपरेशन कधी?
फॉर्मवर लिहिलंय ना, नाही म्हणून.
मग बराच वेळ यंत्राची खटखट,
आणि तिचा आवाज:
स्केट धरायचं का त्यात?

सात वर्षांची होती. कुस्तावीची खाडी.
ती पडलेली, मागून ओस्मो आला, भाऊ,
त्याला थांबता आलं नाही.
वडिलांनी शिडं शिवायच्या सुईने टाके घातले
स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
आणि आईला सांगायचं नाही असं ठरलं.

केसाएवढी रेघ, कातडीच्या घडीत मुरलेली.
डॉक्टरांच्या नजरेतून सुटली, माझ्याही.

तेच वडील, ती सांगत होती,
पहार आपटल्याशिवाय बर्फावर पाऊल टाकायचे नाहीत.
जाड बर्फ ठप्प म्हणतो,
पातळ पोकळ बोलतो.
तुमचं यंत्र तेच करतं का?

जवळजवळ, म्हटलं.

एकवीस तोंडं बंद केली.
उरलेल्यांनी थोडं थोडं जास्त ओझं उचललं.
वीस सेकंद.
एकावन्न. चौपन्न. सत्तावन्न.
रेघेपाशी आकडा हलला नाही.
बटण दाबलं गेलं नाही.

संध्याकाळी कोट चढवताना म्हणाली,
ओस्मोला कळवायला हवं,
अजून ऐकू येतं म्हणून.
तो कुठे असतो, विचारलं नाही.

फॉर्मवर आता एक ओळ वाढवली आहे:
पोटाला कधी काही लागलं होतं का,
लहानपणी, कशानेही?
उत्तराला दोन रेघांची जागा.
पहिल्याच आठवड्यात तिघींनी समासात लिहिलं,
एकीने कागद उलटून
मागच्या बाजूलाही.