आधी हात, मग निरोप

जुबैल. ऑगस्ट. बारा ते तीन उन्हात काम बंद, हा नियम.
साडेतीनला चौघांनी त्याला उचलून आणलं तेव्हा
तो म्हणत होता, मना थंडी लागते, सिस्टर,
चादर द्या.

शमशुद्दीन परकार, बाणकोटचा. पाइप फिटर. वय एकेचाळीस.
ताप एकेचाळीस पॉइंट दोन.
कातडी कोरडी, चुलीवर रिकामा राहिलेल्या तव्यासारखी.
माझ्या पोटात गोळा आला.

निथळणाऱ्या माणसाला मी घाबरत नाही.
त्याचं शरीर अजून भांडतंय,
मीठपाणी खर्चून एकेक तास विकत घेतंय.
मी घाबरते कोरड्याला.

मेंदूच्या तळाशी बदामाएवढी एक जागा आहे.
जन्मापासून तिला कुणी रजा दिलेली नाही.
रक्त तिच्यावरून जातं आणि ती चाचपते,
बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात आपण कोपर बुडवतो तशी:
जरा जास्त. जरा कमी.
मग हुकूम सुटतात. कातडीकडे रक्त वळवा.
घाम सोडा. तहान लावा. याला सावलीत बसवा.
पहिले तीन तिच्या हातातले.
चौथ्याला फोरमनची सही लागते.

आणि आखाताची हवा इतकी ओली
की घाम सुटला तरी उडत नाही,
बनियनला चिकटून राहतो,
पुढे न सरकणाऱ्या अर्जासारखा.

काखेत बर्फ, जांघेत बर्फ, मानेखाली बर्फ.
बिन्सी पाणी ओतते, मी पंख्याचं तोंड फिरवते.
तो कुणाला तरी ओरडून सांगतो,
होडी वर घ्या, भरती येते,
आणि बिन्सी मला विचारते, काय म्हणतो गं?
मी म्हणते, पाणी ओत.

त्याच्या उजव्या पंजावर फोड होते.
पडताना तापलेल्या पाइपला हात लागला असणार.
फोड लहान होते. म्हणजे हात लगेच मागे आला.
मेंदू तेव्हा होडीत बसला होता,
त्याला कोण विचारतो? पाठीच्या कण्यानं परस्पर ठरवलं:
आधी हात मागे, मग वर कळवू.

आमच्या घरीही हीच पद्धत.
आईच्या पायांना साखरेमुळे कळत नाही.
गरम पाण्याच्या पिशवीनं भाजलं, चिघळलं, एक बोट काढावं लागलं.
भावानं सगळं उरकलं आणि तिसऱ्या दिवशी फोन:
काही नाही गं, आता बरी आहे. जेवलीस का?
दर महिन्याला पैसे मी पाठवते.
मी त्या घराचा मेंदू की लांबवरचं एखादं बोट,
हे अजून ठरलेलं नाही.

अडतीस पॉइंट नऊ. बर्फ काढला.
घड्याळाकडे बघायचं मी केव्हाच सोडलं होतं.
मग त्याच्या मिशीच्या वर, डाव्या बाजूला,
मोहरीएवढं काहीतरी चमकलं.
मी वाकले. पंख्यानं उडालेलं पाणी असेल, म्हणाली बिन्सी.
पंखा बंद करून आम्ही दोघी बघत राहिलो.
दुसरा थेंब आला. मग कपाळावर ओळीनं.
मी रुमाल पुढे केला आणि मागे घेतला.

सहा वाजता त्यानं मला ओळखलं, म्हणजे
पहिल्यांदाच पाहिलं. गाव विचारलं.
फॉर्मवर एक रकाना असतो: घरी कळवले का?
तो म्हणाला, नको, उगाच ती घाबरल.
मी "नाही"वर खूण केली.
मी काय वेगळं करणार होते?

रूमवर जायच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं,
बर्फाच्या पाण्यानं माझे बूट आतून भिजलेत,
पायाची बोटं बधिर झालीत.
त्यांनी निरोप केव्हाचा पाठवला असेल.