अठ्ठावीसच्या तीन बाटल्या

नोटा तपासण्यात माझी एकतीस वर्षं गेली,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, खिडकीकडे पाठ करून.
शाई पसरली, आकडा सरकला, कडा वाकडी कापली गेली
की बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना नंतर.
रक्तातला दोष मात्र
सतरा वर्षं माझ्या हातून निसटला.

एकोणनव्वद साली मोहदरीच्या घाटात स्कूटर घसरली.
दोन बाटल्या रक्त चढलं. कुणाचं, ते माहीत नाही.
"तेव्हा ही तपासणी नव्हतीच," डॉ. कोठुळे म्हणाले.
रागवायचं कुणावर?
त्या बाटल्या नसत्या तर मीही नसतो.

पहिल्या वेळी इंजेक्शनं. अठ्ठेचाळीस आठवडे.
फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी
शालनने खोका ठेवला, वर लिहिलं: हात लावू नये.
शुक्रवारी रात्री पोटात टोचायचं,
शनिवारी हुडहुडी, रविवारी कढीभात,
सोमवारी पुन्हा नोटा.
सोबतच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन आठावर आणलं.
जिन्यात मध्येच थांबून मी नोटीस बोर्ड वाचायचो,
तीच नोटीस, महिनाभर.
केस उशीवर.
सगळं कागदावर आधीच छापलेलं होतं.
चिडचिड, हेही होतं. बारीक टायपात.
तनुजा नववीत. तिची भूमितीची वही मी टराटरा फाडली,
का, ते आता आठवत नाही.
तिने चिकटपट्टी लावून जोडली
आणि वर्षभर तीच वापरली.

चोविसाव्या आठवड्याला डॉक्टर म्हणाले,
थांबवू. उपयोग होत नाहीये.

मग बारा वर्षं. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता रोज एक गोळी. अठ्ठावीसच्या तीन बाटल्या.
"त्रास?"
"डोकं दुखेल थोडं. थकवा.
आणि ती ॲसिडिटीची गोळी बंद करा, हिच्याशी जमत नाही."
म्हणजे मिसळ बंद, मी म्हटलं.
नाशिकच्या माणसासाठी
हा दुष्परिणाम ठळक अक्षरात छापायला हवा.

उरलेल्या गोळ्या मी मोजायचो,
अंगठा जिभेला लावून, जुन्या सवयीने.
संपल्यावर आणखी बारा आठवडे नुसते थांबायचे.
आधी तेवीस लाख होते.
आता रिपोर्टवर तीनच शब्द: विषाणू आढळला नाही.
मी कागद उजेडाकडे धरला,
आत तार आहे का बघायला.

तनुजाला पुण्याला फोन केला.
"अरे वा," ती म्हणाली. मग जरा थांबून,
"ती वही आहे अजून माझ्याकडे."

प्रेसच्या गेटवर रक्तदानाचा मांडव होता.
मला चालत नाही. विषाणू गेला तरी
त्याची खूण रक्तात राहते, जन्मभर.
तरी आत गेलो.
खाटेवर एक मुलगा पिवळा चेंडू दाबत पडलेला.
"दुखतंय का रे?"
"नाही काका."

असाच कुणी असेल तेव्हा, बाही वर करून.
त्याला कळलं का कधी?
कुणी सांगितलं का त्याला,
आता गोळी आहे म्हणून?